हंडा भरेपर्यंत: रोजच्या कामातच मनाची निगा

खान्देशातल्या कितीतरी गावांत नळाला पाणी येण्याचा वार देवाच्या वारापेक्षा पक्का लक्षात असतो. कुठे तिसऱ्या दिवशी, कुठे आठव्या. पाणी आलं की सगळं घर उठतं. टाकी, पिंप, हंडे, कळशा एकामागे एक भरायच्या असतात, आणि या धावपळीत दोन-दोन मिनिटांचं नुसतं उभं राहणंही असतं. हंडा भरेपर्यंत माणसाला दुसरं काही करता येत नाही. ही दोन मिनिटं मनासाठी वापरायची, एवढाच या लेखाचा मुद्दा. पुढचं सगळं त्याच्या तपशिलाचं.

मोबाईलवर येणारा सल्ला वेगळा असतो: पहाटे पाचला उठा, तासभर ध्यान करा, रोजनिशी लिहा. ज्या घरात रात्री दोनला मोटर सुरू करायला जावं लागतं किंवा सकाळी सातच्या आत तीन डबे भरायचे असतात, तिथे हा सल्ला आठ दिवससुद्धा टिकत नाही. तो मोडला की माणूस आणखी खचतो, कारण आता मूळ चिंतेवर 'एवढंही जमलं नाही' ही दुसरी चिंता बसते. म्हणून नवा वेळ काढायचा नाही. जे काम रोज होतंच आहे, त्याला एक लहानशी गोष्ट टांगायची.

खुंटी आधी, सवय मागून

आधी खुंटी निवडा. खुंटी म्हणजे रोज ठरल्या वेळी, न विसरता होणारं काम: गॅस पेटवणं, गुरांना चारा टाकणं, दुकानाचं शटर उचलणं, गाडीला किक मारणं, एसटीत बसणं, जेवायला मांडी घालणं. 'सकाळी', 'निवांत असताना' किंवा 'वेळ मिळेल तेव्हा' या खुंट्या नाहीत, त्यांवर काही टांगलं की पडतं. काम अगदी ठरावीक हवं, 'चहाचं पातेलं गॅसवर ठेवलं की' इतकं ठरावीक.

एका खुंटीला एकच गोष्ट टांगा, आणि ती दोन मिनिटांच्या आतली असू द्या. पहिल्या महिन्यात एकापेक्षा जास्त सवयी लावू नका. हौशीने चार-चार सवयी एकदम सुरू करणाऱ्यांच्या चारही सुटतात.

सवय अंगवळणी पडायला २१ दिवस लागतात, हे लोक छातीठोकपणे सांगतात. त्याला फारसा आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेल्या आणि २०१० मध्ये छापून आलेल्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. कुणाला १८ दिवस पुरले, कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. अवघड सवयीला जास्त वेळ लागला. तेव्हा पोळ्याला सुरू केलेली गोष्ट दिवाळीपर्यंत आपोआप होऊ लागली, तर ती वेळेवरच झाली असं समजा.

नळाजवळचे बारा श्वास

हंडा नळाखाली लावा. पाय थोडे फाकवून उभे राहा, खांदे सैल सोडा. चार मोजेपर्यंत नाकाने श्वास आत घ्या, सहा मोजेपर्यंत नाकानेच बाहेर सोडा. एका श्वासाला दहा सेकंद म्हणजे मिनिटाला सहा श्वास, आणि दोन मिनिटांत बारा. नुसतं 'एक, दोन, तीन' मोजलं तर मोजणी पळते. 'एक विठ्ठल, दोन विठ्ठल' असं मनात म्हटलं की एकेक सेकंद बरोबर पडतो. विठ्ठलाच्या जागी दुसरं काहीही चालेल.

श्वास सोडणं लांब ठेवण्याला कारण आहे. श्वास आत जाताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, बाहेर जाताना किंचित मंदावतात. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत उतरलेली व्हेगस नावाची नस हे मंदावणं घडवते. सोडण्याचा वेळ लांबला की तिचं काम वाढतं आणि धडधड उतरते. यात श्रद्धेचा प्रश्न नाही, मनगटावर बोट ठेवून नाडी मोजली तरी फरक कळतो.

इथे चुका बहुतेक ठरलेल्याच होतात. पहिली, भरपूर हवा ओढण्याची. जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. 'मला हे सोसत नाही' म्हणून माणूस तिथेच थांबतो. श्वास सावकाश हवा, मोठा नको. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ऐकू गेला तर तो जास्त झाला. दुसरी चूक खांदे उचलण्याची. एक हात बेंबीवर ठेवला की श्वास पोटापर्यंत जातोय का ते समजतं. तिसरी, मधे श्वास कोंडून धरण्याची. रक्तदाब, हृदयाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर कोंडणं टाळाच, आणि इतरांनाही इथे त्याची गरज नाही. चार-सहा जमत नसेल तर तीन-चार करा.

काही जणांना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट घाबरायला होतं. दमा असणाऱ्यांना आणि अचानक छातीत धस्स होऊन घाम फुटतो अशांना हे विशेषकरून होतं. त्यांनी श्वास सोडून द्यावा आणि हंड्याचा आवाज ऐकावा. रिकाम्या हंड्यात धार पडते तेव्हा आवाज घुमतो, जाड असतो. पाणी चढत जातं तशी वरची हवेची पोकळी आखूड होते आणि आवाज बारीक होत जातो. म्हणून तर घरातली बाई आतल्या खोलीतून ओरडते, 'हंडा भरला, काढ!' तो आवाज तळापासून काठापर्यंत ऐकणं हीसुद्धा तितकीच चांगली साधना आहे.

मन मधेच निघून जाईल. उसनवारी, सासूचं बोलणं, मुलाची फी, कापसाचा भाव, कुठेही जाईल. ते गेल्याचं लक्षात आलं की परत आणायचं, बस. दोन मिनिटांत दहा वेळा गेलं आणि दहा वेळा आणलं तर दहा वेळा सराव झाला. अजिबात न हललेल्या मनाची वाट पाहणाऱ्याचं काही खरं नाही.

पहिली भाकरी आणि पहिले तीन घास

कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी थापणाऱ्या हातांना वेगळं काही शिकवायची गरज नसते. हात इतके सरावलेले असतात की मन मोकळं सुटतं आणि नेमकं नको तिथे जातं. त्यावर उपाय म्हणून फक्त पहिली भाकरी लक्ष देऊन करा, बाकीच्या नेहमीसारख्या. पीठ मळताना मनगटाजवळच्या तळव्यावर येणारा जोर, उडदामुळे पिठाला आलेला चिकटपणा, थापताना भाकरी पातळ होत जाते तसा बदलणारा आवाज, पाणी फिरवताना ओल्या बोटांना लागणारा गारवा आणि लगेच तव्याची धग, शेवटी पापुद्रा फुगतो तो क्षण. या पाच जागा आहेत. लक्ष सुटलं की पुढच्या जागेवर पकडा. एवढं होईपर्यंत फोन कान आणि खांद्याच्या मधे नको. खरं तर तो तिथे कधीच नको, मानेसाठीही नको.

जेवताना पहिले तीन घास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवून खा. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात १९७९ मध्ये जॉन कॅबट-झिन यांनी सजगतेचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात एकच बेदाणा पाहून, हुंगून, सावकाश चावून खायला लावतात. आपल्याकडे बेदाण्याची गरज नाही. भाकरीचा तुकडा मोडा, त्याची वाफ जाणवू द्या, ठेचा जिभेच्या कुठल्या भागाला आधी झोंबतो ते पाहा, पंधरा-वीस वेळा चावा. चौथ्या घासापासून गप्पा मारायला हरकत नाही.

सगळ्यांची पानं झाल्यावर जी शेवटी एकटी जेवते, तिला मोबाईल हीच सोबत उरते. तिला 'सजगपणे जेव' असं सांगण्यापेक्षा घरातल्या एकाने तिच्या पानाजवळ पाच मिनिटं बसावं. मनाच्या निगेत या पाच मिनिटांचं वजन बऱ्याच व्यायामांपेक्षा जास्त भरतं.

शेवभाजी किंवा झणझणीत भरीत रात्री दहाला खाल्लं आणि साडेदहाला आडवे झालात, तर छातीत जळजळ होऊन दोन वाजता डोळे उघडतात आणि त्या जागेपणात नको ते विचार येतात. जेवण आणि झोप यांत निदान दोन-अडीच तास ठेवा. तिखट सोडायला कुणी सांगत नाही, ते दुपारच्या जेवणात घ्या.

'टेन्शन' हे पोतं आहे, त्यात काय भरलंय ते पाहा

कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळतं: टेन्शन आहे. या एका पोत्यात आपण चिंता, राग, अपमान, हेवा, दमणूक, एकटेपणा, पश्चात्ताप सगळं कोंबतो. प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. दमणुकीला झोप लागते, अपमानाला कुणाशी तरी बोलावं लागतं, चिंतेला कागद-पेन्सिल लागते. पोतं न उघडता वरून काठी मारून उपयोग होत नाही.

दिवसातून तीनदा, म्हणजे चहा, दुपारचं जेवण आणि दिवाबत्ती या खुंट्यांना धरून, स्वतःला विचारा: आत्ता काय होतंय? एक शब्द आणि शून्य ते दहा यांतला एक आकडा. 'राग, सहा.' 'करमत नाही, चार.' भावनेला नेमका शब्द दिला की तिचा जोर थोडा ओसरतो, हे प्रयोगांतही दिसलं आहे. शब्द आपल्या घरच्या बोलीतला असेल तर उत्तम. 'जीव घाबरी राह्यना' किंवा 'माले करमत नही' यात जेवढं सांगितलं जातं, तेवढं 'मला अस्वस्थ वाटत आहे' यात येत नाही.

आपल्याकडे मनाचं दुखणं बरेचदा अंगावर सांगितलं जातं. डोकं जड आहे, हातापायांची आग होते, छातीत धडधडतं, अंगात त्राण नाही, एक सलाईन लावून द्या. हे सोंग नसतं, चिंतेत या सगळ्या गोष्टी शरीरात खरोखर घडतात. पण उलटंही खरं आहे. रक्त कमी असणं, थायरॉईड आणि बी-१२ ची कमतरता यांमुळेही माणूस खिन्न आणि चिडचिडा होतो, आणि शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं नवलाचं नाही. महिना-दीड महिना थकवा हटत नसेल तर या तीन तपासण्या करून घ्या. सलाईनमध्ये मुख्यतः मीठ-पाणी किंवा साखर-पाणी असतं. अंगातलं पाणी कमी झालेलं नसेल तर त्याने मनाचं काही होत नाही, खिशाचं होतं.

रात्रीची लाईट आणि तुटलेली झोप

शेतीपंपाला काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज, अशी पाळी गावोगावी असते. रात्रीच्या पाळीत केळीला किंवा हरभऱ्याला पाणी भरणाऱ्या माणसाला 'रोज दहाला झोपा, सहाला उठा' असं सांगणं म्हणजे त्याची थट्टा आहे. त्याच्यासाठी हिशेब वेगळा.

झोपेचे दोन तुकडे करा, बेरीज सात तासांच्या आसपास ठेवा. लाईट रात्री बाराला येणार असेल तर जेवण सातला, झोप आठ ते साडेअकरा. पाणी भरून चार-पाचला परत आल्यावर दुसरा तुकडा साडेआठपर्यंत. दुसऱ्या तुकड्यासाठी खोली काळोखी हवी, कारण उजेड डोळ्यांत गेला की शरीर दिवस उगवला असं धरून चालतं. खिडकीला जाड गोधडी लावली तरी भागतं. घरातल्यांनी त्या वेळात हाक मारू नये, हे आधी ठरवून घ्या. रात्रीच्या फेरीत एकच्या पुढे चहा नको. कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. याच हिशेबाने, दिवसाच्या पाळीत संध्याकाळी पाचला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफीन रात्री दहाला अंगात असतं. झोपेची तक्रार असणाऱ्याने शेवटचा चहा तीनच्या आत संपवावा.

आणखी एक पथ्य: पहाटे दोन ते पाच या वेळात कर्जाचा, जमिनीच्या वाटणीचा किंवा नात्याचा विचार तडीला नेऊ नका. त्या वेळी शरीराचं तापमान सर्वांत खाली गेलेलं असतं, मेंदू थकलेला असतो आणि तीच रक्कम दुप्पट वाटते. विचार आलाच तर 'हे उन्ह पडल्यावर' असं मोठ्याने म्हणा आणि टॉर्चच्या उजेडात दोन शब्द कागदावर टिपून ठेवा. (टॉर्च आणि बूट तर हवेतच, सापकिरडूसाठी.)

अंथरुणात पडून वीस-पंचवीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठा. मंद उजेडात शेंगा फोडा, कपड्यांच्या घड्या घाला, आणि जांभई आली की परत आडवे व्हा. लोळत राहिलं की अंथरूण म्हणजे काळजीची जागा, अशी गाठ मनात बसते. मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. त्यावर गजर आहे ही सबब दीडशे-दोनशे रुपयांच्या घड्याळाने मिटते.

उठल्यावर तासाभराच्या आत दहा-पंधरा मिनिटं उघड्यावर उजेडात जा. अंगण, गोठा, गच्ची, कुठेही. रात्रीची झोप कधी येणार हे शरीर सकाळच्या उजेडावरून ठरवतं.

एप्रिल-मेचं पथ्य वेगळं

जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा घराघरांत भांडणं वाढतात आणि स्वभावाला दोष दिला जातो. निम्मा दोष उन्हाचा आणि कमी पाण्याचा असतो. उन्हात काम असेल तर तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, साधारण पाव लिटर पाणी प्या. पण तासाला दीड लिटरच्या वर नको. घाम फार गेला असेल तर मीठ घातलेलं ताक किंवा कैरीचं पन्हं घ्या. जोखमीची बोलणी, म्हणजे पैसे, लग्न, वाटणी, दुपारी बारा ते चार या वेळात काढू नका. सकाळी आठच्या आत किंवा दिवस मावळल्यावर काढा. साधा नियम आहे, पण उन्हाळ्यात यानेच सर्वांत जास्त भांडणं टळतात.

दुपारची डुलकी वीस ते तीस मिनिटांची, तीनच्या आत. तासभर झोपलं की जड डोक्याने उठाल आणि रात्री गच्चीवर चांदण्या मोजत पडाल.

मानसिक आजाराची औषधं चालू असणाऱ्यांनी या दोन महिन्यांत जास्त जपावं. लिथियम हे मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध. ते घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. हात फार थरथरणं, उलट्या-जुलाब, तोल जाणं, बोलणं अडखळणं असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणखी काही औषधांनी घाम कमी येतो आणि ऊन लवकर लागतं. आपल्या गोळ्यांत अशी एखादी आहे का, हे मार्च संपायच्या आत डॉक्टरांना विचारून घ्या.

तंबाखूविषयी थोडंसं. 'मळली की डोकं शांत होतं' हा अनुभव खोटा नाही, फक्त त्याचा अर्थ वेगळा आहे. निकोटीन दोन तासांत निम्म्यावर येतं, त्याची तलफ माणसाला बेचैन करते आणि पुढची चिमूट तीच बेचैनी शमवते. म्हणजे आग लावणारा आणि विझवणारा एकच. सोडायचं असेल तर १८००-११२-३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

काळजीला वेळ नेमून द्या

काळजी करू नको, असं म्हणून कुणाची काळजी थांबलेली नाही. तिला वेळ नेमून द्या: रोज संध्याकाळी दिवाबत्तीनंतर पंधरा मिनिटं, ओट्यावर किंवा एका ठरलेल्या खुर्चीत. अंथरुणावर नाही. दिवसभरात काळजी आली की 'सातला बघू' म्हणून एका शब्दात टिपून ठेवा. सातला वही उघडा आणि मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे हातातलं, उजवीकडे हाताबाहेरचं.

केळीवाल्याचं उदाहरण घ्या. वादळ येईल का, भाव पडेल का, हे उजवीकडे. झाडांना बांबूचा किंवा पट्टीचा आधार दिला का, पानांवर पिवळे पट्टे दिसणारी रोगट झाडं उपटून बागेबाहेर नष्ट केली का, हे डावीकडे. डावीकडच्या एका गोष्टीपुढे उद्याची वेळ आणि पहिलं पाऊल लिहा. 'कर्ज' असं लिहून काही होत नाही, 'सोमवारी अकराला बँकेतून खातेउतारा आणणं' असं लिहिलं की होतं. उजवीकडच्या गोष्टी एकदा वाचा आणि वही मिटा. पंधरा मिनिटांचा गजर वाजला की उठायचं, वाक्य अर्धं राहिलं तरी. सुरुवातीचे चार-पाच दिवस काळजी सातची वाट पाहत नाही, मधेच येत राहते. दुसऱ्या आठवड्यात ती बऱ्यापैकी शिस्तीत येते.

बाजारभावाचे मोबाईलवरचे ग्रुप दिवसातून दोनदाच उघडा. कापूस घरात साठवून दर तासाला भाव पाहणाऱ्याचा कापूस महाग होत नाही, त्याची झोप मात्र उडते.

एखादी जुनी जखम सलत असेल, म्हणजे फसवणूक किंवा मृत्यू, तर निराळं लिखाण उपयोगी पडतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनीबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, सर्वांत क्लेशदायक अनुभवाविषयी लिहायला सांगितलं होतं. लिहिल्याबरोबर त्यांना वाईट वाटलं, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. तेव्हा पहिल्या दिवशी डोळे भरले म्हणून सोडू नका. मात्र लिहिताना हातपाय गार पडत असतील किंवा जुना प्रसंग डोळ्यांपुढे जसाच्या तसा उभा राहत असेल तर थांबा, ते काम एकट्याने करण्याचं नाही. कागद नंतर चुलीत घातला तरी चालतो.

बोलण्याची जागा

समोरासमोर बसून 'मन मोकळं कर' म्हटलं की माणूस गप्प होतो. हात कामात असले आणि नजर खाली असली की बोलणं आपोआप येतं. बिबड्या घालताना, शेंगा फोडताना, कापूस वेचताना, एकाच गाडीवर बाजाराला जाताना. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावर माहेरी आलेल्या पोरी वर्षाचं साचलेलं बोलून टाकतात, ते काही उगाच नाही. म्हणून विचारायचं असेल तर बरोबर काम करताना विचारा.

ऐकणाऱ्यासाठी: 'विसरून जा', 'लोकांचे याहून वाईट हाल आहेत', 'देवाचं नाव घे' ही तीन वाक्यं गिळून टाका. त्यांनी बोलणाऱ्याचं तोंड बंद होतं. त्याऐवजी 'मग काय झालं?' आणि 'सगळ्यात जड काय वाटतं?' एवढं विचारा आणि दहा सेकंद थांबा. ती शांतता अवघड वाटते, पण खरी गोष्ट तिच्यानंतर येते.

नंदुरबारकडची कितीतरी माणसं ऊसतोडीला महिनोन्महिने गुजरातेत जातात. तिथे फोनची वेळ ठरलेली असावी, पाच मिनिटांची का होईना. 'फोन का आला नाही' ही काळजी मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना पोखरते.

'आता जगून काय उपयोग', 'माझ्यामागे पोरांकडे बघ' असं कुणी म्हणालं तर सरळ विचारा: जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट ओझं हलकं होतं. उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटं ठेवू नका आणि फवारणीची औषधं त्याच दिवशी घरातून हलवा. खरं तर ती एरवीही घरात नकोतच. शेतातल्या पेटीत, कुलूप लावून, किल्ली दुसऱ्याकडे. तो टोकाचा विचार बरेचदा काही मिनिटांत-तासांत ओसरतो, आणि तेवढा वेळ औषध हाताशी नसणं जीव वाचवतं.

सवयी कुठे पुरत नाहीत

दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास आहे, कशातच गोडी नाही, झोप-भूक बिघडली आहे, कामं अडत आहेत, तर श्वास मोजत बसू नका, डॉक्टर गाठा. कुणाला आवाज ऐकू येत असतील, कुणी आपल्यावर टपलंय असं वाटत असेल, किंवा झोप न घेताही अचाट उत्साह असेल, तर दोन आठवडेही थांबू नका. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तो चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथल्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारून जा.

उदासीनतेच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. लोक आठव्या दिवशी 'फरक नाही' म्हणून सोडतात, किंवा दोन महिन्यांनी 'बरं वाटतंय' म्हणून सोडतात. दोन्ही चूक. अचानक सोडल्याने चक्कर, घाबरेपणा आणि झोपमोड होते. बंद करायच्या तर डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू. घरच्यांना भगताकडे किंवा देवीला न्यायचं असेल तर त्यावरून भांडत बसू नका. जाऊन या, पण गोळीची वेळ चुकू देऊ नका आणि मारहाण-उपासाचा उपाय कुणी सांगितला तर तिथून निघा.

बारा श्वासांत रस वाढला आणि पुढे जावंसं वाटलं तर विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं आहेत. इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र १९७६ पासूनचं, आणि धुळ्याजवळही केंद्र आहे. पण दहा दिवस मौन आणि रोज दहा तास बसणं हे मोठं औषध आहे. पूर्वी मानसिक आजार झालेल्याने, किंवा जवळचं माणूस नुकतंच गेलेल्याने, आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेट तिथे नाव नोंदवू नये. अर्जात आजार लपवू तर मुळीच नये.

खाडा पडला तर

पडणारच. लग्नसराईत, कापूस वेचणीत, कानबाईच्या रोटांच्या धांदलीत कुठली सवय टिकते? वर सांगितलेल्या अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय मुरण्यावर फारसा परिणाम दिसला नव्हता. लागोपाठ दोन दिवस चुकू द्यायचं नाही, एवढंच पाहा. धांदलीच्या दिवशी बारा श्वासांऐवजी एक घ्या, पण त्याच खुंटीवर घ्या.

नोंद ठेवायची तर नळाजवळच्या भिंतीवर कोळशाने रेघ मारा. खाडा पडल्यावर मोजणी पुन्हा एकपासून सुरू करू नका, सत्तावीसनंतर अठ्ठावीसच येतं. आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात मात्र नळ ही रोजची खुंटी होऊ शकत नाही. तिथे माठातून पहिला तांब्या काढण्याची वेळ धरा, आणि नळाचे बारा श्वास पाणी येईल त्या दिवशी वरकड म्हणून घ्या.